शिळे सत्य

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या रात्री आमच्या घरात विषावरून बोलाचाली झाली. धने-गुळाचा नैवेद्य दाखवून झाला होता, आई स्वयंपाकघरात चकलीचा शेवटचा घाणा काढीत होती आणि पुण्याहून चार दिवसांसाठी जालन्याला आलेला माझा पुतण्या ओसरीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. हल्लीच्या मुलांची सुट्टी अशीच असते. गावी येतात, पण काम बरोबर घेऊन येतात. तो लिनक्सचे कर्नल नव्याने बांधीत होता आणि मी शेजारी बसून पणत्यांच्या वाती वळीत होतो.

“काका, हे डीबगिंगचं सगळं बंद करू का? उगाच मशीन हळू चालतं.”

“कर की. ते विष घालायचं तेवढं राहू दे.”

आतून आई कडाडली, “सणासुदीला विषाचं नाव कशाला काढतोस रे? आणि हा कर्नल कोण आणलाय मधेच?”

कर्नल हा लष्करातला नव्हे, एवढे मी आईला समजावले. विषाचे मात्र त्या रात्री समजावता आले नाही. ते समजावायचे तर सतरा वर्षांपूर्वीची एक हकिकत सांगावी लागली असती, आणि ती मी घरात कोणाला धड सांगितलेली नव्हती. पुतण्याला ती मी नंतर सांगितली. आज वाचकांनाही सांगतो.

आधी कर्नल म्हणजे काय ते सांगायला हवे. गणकयंत्रात शंभर कामे एकाच वेळी चाललेली असतात. कोणाला किती जागा द्यायची, छपाईच्या यंत्रापाशी आधी कोणी जायचे, कोणी कोणाच्या खोलीत डोकावायचे नाही, हे सारे पाहणारा जो कारभारी तो कर्नल. वाड्यातली माणसे कारभाऱ्याला न विचारता काही करू शकत नाहीत, तसेच हे. लिनस तोरवाल्ड्स नावाच्या एका विद्यार्थ्याने १९९१ साली हेलसिंकीत असा एक कारभारी लिहायला घेतला आणि तो सर्वांना खुला करून टाकला. त्यालाच लिनक्स म्हणतात. खुला असल्यामुळे जालन्यातल्या एखाद्या दुकानदारालाही तो आपल्या गरजेप्रमाणे घडवता येतो. घडवताना यंत्र एक लांबलचक यादी पुढे ठेवते. हे हवे का, ते हवे का, आणि आपण ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणत खाली उतरायचे. यादीच्या जवळजवळ तळाशी दोष हुडकण्याच्या सोयींचे दालन आहे. तिथे कारभाऱ्यावर पहारेकरी नेमता येतात. कोणी कुलपे कोणत्या क्रमाने लागली ते पाहतो आणि दोघेजण एकमेकांच्या कुलपाची वाट पाहत कायमचे अडकतील असा धोका दिसला की आधीच ओरडतो. हा २००६ साली आला. कोणी एखादे काम दोन मिनिटे जागचे हलले नाही तर चोपडीत नोंद करतो. २०१५ साली आलेला एक पहारेकरी तर स्मृतीचा आठवा हिस्सा स्वतःच्या पोटाला मागून घेतो आणि यंत्राची चाल तिपटीने मंदावतो. आठवा हिस्सा हे बलुतेदारीत बसणारे प्रमाण आहे म्हणून मला त्याचे हसू येते, पण काम मात्र तो चोख करतो.

एक गंमत सांगायची राहिली. कर्नलच्या पायाखाली काही घसरले की तो ‘ऊप्स’ म्हणतो, आपल्या ‘अरेच्चा’सारखे, आणि त्या क्षणापासून स्वतःच्या कपाळी एक खूण करून घेतो की मी बाटलो. ही खूण पुसता येत नाही. यंत्र बंद करून पुन्हा जन्माला घातले तरच ती जाते. माणसे बाटण्या-बाटवण्यावर फार विचार करीत आली आहेत, पण आपली बाट आपणच जाहीर करणारा कारभारी मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

या दालनात ज्याच्या-त्याच्या पुढे सल्ला छापलेला असतो आणि पुष्कळदा त्याचे शेवटचे वाक्य एकच असते: खात्री नसेल तर ‘नाही’ म्हणा. सल्ला शहाणपणाचा आहे. पण आळशी माणसाला, भित्र्या माणसाला, बिल अडकलेल्या माणसाला याहून सोयीचे वाक्य शोधून सापडायचे नाही.

आता विषाकडे येतो. कर्नल स्मृतीतल्या खोल्या धर्मशाळेसारख्या देतो आणि परत घेतो. यात्रेकरू गेला की वहीत ‘खोली रिकामी’ असे लिहिले जाते, पण खोली झाडली जात नाही. गेलेल्याचे सामान, त्याने भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलेला हिशेब, सारे तसेच पडून असते; पुढचा येईल तो आपले लिहील. झाडायला वेळ लागतो आणि वेळ हीच तर कारभाऱ्याची सारी पुंजी. हे चालते, कारण रिकाम्या खोलीत कोणी शिरायचे नाही असा नियम आहे. पण आज्ञावली लिहिणाऱ्याकडून चूक होते आणि कोणाच्या तरी कमरेला जुनी किल्ली राहून जाते. तो शिरतो, भिंतीवरचा हिशेब वाचतो आणि तो आजचा समजून बाहेर सांगतो. इथे भय आहे ते असे की तो हिशेब खोटा नसतो. तो अगदी खरा असतो, फक्त कालचा.

यावर या दालनात एक उपाय आहे. खोली रिकामी झाली की ती एका ठरावीक निरर्थक आकड्याने भिंतभर रंगवून टाकायची. या रंगाला इंग्रजीत ते लोक विषच म्हणतात. सोळाच्या पाढ्याने मोजणाऱ्यांच्या भाषेत तो आकडा ‘सहा-बी’, आणि अक्षरांत छापला तर इंग्रजी ‘के’. म्हणजे जुनी किल्ली घेऊन कोणी शिरलाच, तर त्याला हिशेबाऐवजी के-के-के-के एवढेच दिसते. अशा वाचनाला कोणी सत्य समजत नाही.

२००८ सालची गोष्ट. दिवाळी संपली होती आणि कापसाचा हंगाम भरात होता. जालन्याच्या बाहेर एका जिनिंग कारखान्यात वजनकाट्याला जोडलेले गणकयंत्र बसवायचे काम मला मिळाले. माझे तेव्हा गावात दुरुस्तीचे लहानसे दुकान होते. ‘जालना सोने का पालना’ म्हणणाऱ्यांना हे गाव बियाण्यांचे आणि सळयांच्या कारखान्यांचे म्हणून ठाऊक असते. आम्हा दुकानदारांना ते उधारीचे गाव म्हणून अधिक ठाऊक आहे. कारखान्याकडे तारा जोडायचे एक जुने कार्ड होते, ते बदलायला मालक तयार नव्हते, म्हणून ते चालवणारा कर्नलचा तुकडा मीच जुळवला. त्याचा मला अभिमान होता. गाडी काट्यावर उभी राहिली की काट्यावरचा माणूस कळ दाबी, वजन तारेतून यंत्रात येई आणि चिठ्ठी छापून निघे. आधी भरलेली गाडी, मग कापूस उतरवून रिकामी. दोहोंची वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचा माल.

चाचणीच्या आठवड्यात मी विष चालू ठेवले होते. चौथ्या की पाचव्या दिवशी एका चिठ्ठीवर वजनाच्या जागी ‘केकेकेके’ छापून आले. मालकांनी ती चिठ्ठी माझ्यापुढे टाकली. रागावले नाहीत, सज्जन माणूस होते. एवढेच म्हणाले, “गेटबाहेर साठ गाड्या उभ्या आहेत. असलं काही शेतकऱ्याच्या हातात पडलं तर तो म्हणेल, यांचा काटाच बिघडलाय. एवढं बंद करा.”

मी बंद केले. वाचकहो, मी काय बंद केले ते नीट पाहा. चूक शोधून ती बंद करायला दोन-तीन दिवस लागले असते. विष बंद करायला एक शब्द पुरला आणि तो मी यंत्र पुन्हा सुरू होताना त्याच्या कानात सांगितला. ‘के’ पुन्हा कधी छापून आले नाहीत. मालक खूष झाले, निम्मे बिल मिळाले, आणि मी स्वतःला सांगितले की तो चाचणीच्या गडबडीतला एखादा किरकोळ प्रकार असावा. खात्री नव्हती. खात्री नसेल तर नाही म्हणा.

तीन आठवड्यांनी मंठ्याकडचा एक म्हातारा शेतकरी चिठ्ठी घेऊन दारात उभा राहिला. रिकाम्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचे वजन चिठ्ठीवर ३,७१० किलो होते. तो म्हणाला, “साहेब, माह्या ट्रॅक्टरचं वजन मला नातवाच्या वजनावाणी ठावं हाये. चौतीसशे-साडेचौतीसशेच्या वर त्यो कधी गेला न्हाई.” कोणी ऐकेना, तेव्हा तो रस्त्यावरच्या एका धर्मकाट्यावर गेला आणि पदरचे पैसे भरून ३,४२० ची चिठ्ठी घेऊन आला. फरक २९० किलोंचा. लांब धाग्याच्या कापसाला त्या हंगामात क्विंटलला ३,००० रुपये हमीभाव होता; म्हणजे म्हाताऱ्याचे आठ हजार सातशे रुपये कोणी तरी खाल्ले होते.

कोणी खाल्ले? काट्यावरच्या माणसाने, हे क्षणात ठरले. आधीचा ट्रॅक्टर बरोबर ३,७१० किलोंचा होता, हे वहीत उघड दिसत होते. मग याने जुनेच वजन पुन्हा कसे छापले? हात मारायचा असेल, व्यापाऱ्याशी संगनमत असेल. तो बिचारा एवढेच म्हणत राहिला की मी खिडकीतला लाल आकडा पाहिला, तो बरोबर होता, चिठ्ठी मी वाचली नाही, फाडून दिली. मालकांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “मशीन खोटं बोलत नाही.”

हे वाक्य मी उच्चारले तेव्हा ते मला खरे वाटत होते का, असे पुतण्याने विचारले. मी म्हणालो, अर्धे. त्या केकेकेकेची चिठ्ठी मला त्याच क्षणी आठवली होती. पण आठवणे निराळे आणि तोंडाने म्हणणे निराळे.

आणखी एक गोष्ट होती, आणि खरे तर तिच्यामुळेच काम सोपे झाले. हा माणूस बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी सरकीच्या दोन पोत्यांच्या भानगडीत सापडला होता. ते सगळ्यांना माहीत होते आणि ते खरे होते. त्याने स्वतःही ते कधी नाकारले नव्हते. पण मधल्या बारा वर्षांत त्याच्या हातून किती हजार गाड्या गेल्या असतील, आणि कोणाची तक्रार नव्हती. आम्ही ती बारा वर्षे वाचली नाहीत. आम्ही जुन्या किल्लीने जुन्या खोलीत शिरलो आणि भिंतीवरचे वाचून बाहेर आलो. त्याला त्याच संध्याकाळी घरी पाठवले.

मी चार दिवस गप्प बसलो. या चार दिवसांसाठी मी मनात पुष्कळ कारणे जुळवली होती आणि त्यांतले एकही अगदीच लटके नव्हते. चूक माझ्याच तुकड्यात आहे याचा पुरावा नव्हता. उरलेले बिल अडकले होते. हंगामात काटा बंद पडला तर शेतकऱ्यांचेच हाल होते. थंडीत रात्र रात्र ट्रॉलीवर निजावे लागते. पाचव्या दिवशी, रविवारी, काटा बंद असताना मी कारखान्यात गेलो आणि विष पुन्हा चालू केले.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते फार लांबचे नाही. दोष कसा शोधावा यावर या कर्नलच्या जगात मोठा वाद झालेला आहे. चालत्या कर्नलला मध्येच थांबवून, दुसऱ्या यंत्रावरून तारेने त्याची उलटतपासणी घेण्याचे एक साधन आहे. त्याचे नाव केजीडीबी. एक यंत्र श्वास रोखून उभे राहते आणि दुसरे त्याला विचारते, आत्ता तुझ्या हातात काय आहे, तू कोणत्या ओळीवर होतास. अमेरिकेत सुरू झालेले हे काम पुढे पुण्यातल्या लिनसिससॉफ्टच्या अमित काळे यांनी हाती घेतले. कर्नलच्या त्या भागाच्या माथ्यावर त्यांचे नाव आणि २००३-२००४ ही साले आजही कोरलेली आहेत. पण लिनस तोरवाल्ड्सना अशी साधने मूळ कर्नलमध्ये नको होती. २००० सालच्या सप्टेंबरात त्यांनी जाहीरच लिहिले होते की त्यांना ती आवडत नाहीत. मतितार्थ असा की उलटतपासणीची सोय हाताशी असली की माणूस लक्षणावर मलम लावतो, मुळाचा विचार करीत नाही. साधन नसले की त्याला आपले लिहिणे पुन्हा सावकाश वाचावे लागते, आणि ते बरे. ही सोय शेवटी पुष्कळ हातांतून जात २००८ च्या जुलैत २.६.२६ या आवृत्तीत मूळ कर्नलमध्ये आली, म्हणजे माझ्या काट्याच्या जेमतेम चार महिने आधी.

मला दोन्ही बाजू पटतात. लिनस यांच्या म्हणण्यात वैद्याचा कडकपणा आहे आणि माझ्यावर तर तो नेमका लागू पडतो. मी लक्षणावर मलमसुद्धा लावले नाही, लक्षण सांगणाऱ्याचे तोंड बांधले. पण सावकाश वाचा, असे ज्याला सांगायचे त्याच्यापाशी सावकाशपणा असावा लागतो. गेटबाहेर साठ गाड्या असतील, तर ज्याच्या हाती जे साधन लागेल ते त्याने वापरावे आणि चूक लवकर शोधावी, असे मला वाटते. विचार करणे हे साधनाने बंद होत नाही. ते बंद व्हायला दुसरी कारणे पुरतात.

त्या रविवारी उलटतपासणीची वेळ आली नाही. मी एकट्याने काट्यावर चढायचे, कळ दाबायची, उतरायचे, दोन लोखंडी वजने ठेवायची, पुन्हा कळ, असे सकाळपासून चालवले. दुपारपर्यंत चिठ्ठ्या सगळ्या बिनचूक. मला वाटू लागले की दोष नाहीच. अशा पहाऱ्यात हा एक धोका असतोच. पहारेकरी नेमल्याने यंत्राची चाल किंचित बदलते आणि जो दोष दोन क्षणांच्या धक्काबुक्कीतून निपजतो तो लपून बसतो. मालक ओसरीवर बसले की कारखान्यात कोणी विडी ओढीत नाही, तसेच. चार वाजता, चारशेच्या आसपास चिठ्ठ्या झाल्यावर, ‘केकेकेके’ आले.

मग दोष सापडायला दोन तास लागले. नवे वजन आले की मी जुन्या वजनाची खोली सोडून देत होतो, पण त्याच निमिषात वाचणारा आत गेलेला असेल तर त्याला बाहेर काढीत नव्हतो. एक कुलूप घालायचे राहिले होते. लिहायला दोन ओळी.

सोमवारी सकाळी मी मालकांना सगळे सांगितले. विष मीच बंद केले होते हेही सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की काटा आज बंद ठेवायचा की चालवायचा. हा प्रश्न कर्नललाही विचारता येतो. ‘अरेच्चा’ म्हटल्यावर पुढे चालत राहायचे, की तिथेच गर्भगळीत होऊन थांबायचे, हे आधी ठरवून ठेवण्याची सोय आहे. थांबण्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की एकदा पाय घसरलेल्या कारभाऱ्याच्या हाती वह्या देऊ नयेत, तो आणखी नासधूस करील. लिनस स्वतः सहसा उलट म्हणत आले आहेत: यंत्र जागच्या जागी मारून टाकले तर काय झाले ते सांगायलाही कोणी उरत नाही, म्हणून ओरडा, नोंद करा आणि शक्य तोवर चाला. बँकेच्या तिजोरीपाशी मी पहिल्याचे ऐकेन. काट्यावर आम्ही दुसऱ्याचे ऐकले. दुरुस्ती केली, विष चालू ठेवले आणि हंगाम संपेपर्यंत खिडकीतला लाल आकडा हाताने एका वहीत उतरवून, चिठ्ठीशी ताडून मगच ती फाडायची असा नेम घातला. त्यामुळे गाडीमागे अर्धे मिनिट जास्त लागे. कोणी फारसे कुरकुरले नाही. ‘शेतकरी काय म्हणेल’ या भयाने मी जे केले होते, त्या शेतकऱ्याने वही पाहून फक्त मान हलवली.

मंठ्याच्या म्हाताऱ्याला त्याचे पैसे मिळाले. ते सोपे होते, कारण तो धर्मकाट्यावर गेला होता. जे गेले नाहीत त्यांचे काय? तीन आठवड्यांत सुमारे हजार गाड्या झाल्या होत्या. दोन लागोपाठच्या वजनांचे आकडे तंतोतंत सारखे असलेल्या चिठ्ठ्या आम्ही वहीतून शोधल्या. तीन मिळाल्या, त्यांतला एक हा म्हाताराच. दुसऱ्याचा तोटा झाला होता, त्याला शोधून पैसे दिले. तिसऱ्या गाडीत चूक शेतकऱ्याच्या फायद्याची होती. मालकांनी ती चिठ्ठी दुमडून खिशात ठेवली आणि तो विषय तिथेच संपला. मला तो माणूस त्या दिवशी फार आवडला.

काट्यावरच्या माणसाकडे मी स्वतः गेलो. तो तोवर सळईच्या एका कारखान्यात भंगार निवडायच्या कामाला लागला होता. मी सगळे सांगितले, मालकांनी परत बोलावले आहे तेही सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. म्हणाला, “बारा वर्षं मी एकेक चिठ्ठी नीट फाडली, साहेब. त्या दिवशी कोणी त्यातली एक तरी काढून बघितली का?” तो परत आला नाही.

तेव्हापासून मी या विषाचा पुष्कळ विचार केला आहे. आपल्या सगळ्यांच्या मनात रिकाम्या पण न झाडलेल्या खोल्या असतात. आमच्या बदनापूरकडच्या शेताच्या सातबाऱ्यावर आजोबांचे नाव त्यांच्यामागे कित्येक वर्षे तसेच होते; फेरफार करायला कोणाला सवड नव्हती, आणि सातबाऱ्यावर विश्वास ठेवून एका सोसायटीने आजोबांना कर्ज देऊ केल्याचे पत्रही आले होते. त्याला आम्ही हसलो. पण एका माणसाविषयी बारा वर्षांपूर्वीचा सातबारा मी भर सभेत वाचून दाखवला, तेव्हा हसू आले नाही.

मग जुने सारे विसरून जावे काय? तसे मला वाटत नाही. विसरणे म्हणजे खोली झाडून कोरी करणे. तशीही सोय २०१९ साली कर्नलमध्ये आली: सोडलेली खोली शून्यांनी भरून टाकायची. सुरक्षिततेसाठी ती चांगली आहे. पण शून्य हाही एक आकडा आहे; काट्यावर शून्य छापून आले तर गाडी अजून चढायचीय असे समजून कोणी तरी पुढे जाईल. विषाची गोष्ट निराळी. ते जुने काय होते ते सांगत नाही, आणि काही नव्हतेच असेही म्हणत नाही. ते एवढेच म्हणते की इथे कोणी राहत होते, आता राहत नाही, इथून काही वाचू नका. एखाद्या माणसाच्या जुन्या चुकीवर अशी खूण करून ठेवता येते का, हे मला अजून नीट कळलेले नाही. करायला गेलो तर वेळ लागतो एवढे मात्र कळले. दर वेळी त्या माणसाकडे नव्याने पाहावे लागते, आणि गेटबाहेर नेहमीच साठ गाड्या असतात.

पुतण्याने हे सारे ऐकून घेतले. त्याचा प्रश्न हिशेबी होता. “पण काका, सारखे आकडे शोधून तीनच सापडले. भरलेल्या वजनाच्या जागी आधीच्या रिकाम्या गाडीचं वजन आलं असतं तर?”

“तर माल उणे निघाला असता, आणि यंत्राने चिठ्ठीच छापली नसती. पुन्हा कळ दाबली असती. तसं होत होतं. काट्यावरच्या माणसाने मला दोनदा सांगितलंही होतं.”

“मग?”

“मी म्हटलं, कळ नीट दाबत जा.”

तो काही बोलला नाही. पडद्यावर यादी उघडीच होती. त्याने खाली जाऊन त्या ओळीपुढे ‘होय’ केले, मग वर जाऊन कुलपांच्या पहारेकऱ्यापुढेही केले, आणि कर्नल बांधायला लावून चकली खायला आत गेला.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे अजून दुकानाची वही मांडतात, दुकान बंद होऊन सात वर्षे झाली तरी. वहीत मी ती पहिली ‘केकेकेके’ची चिठ्ठी ठेवलेली आहे. गेल्या वर्षी हळदकुंकू वाहताना ती खाली पडली आणि आईने उचलली. चष्मा नव्हता. “काय लिहिलंय रे यावर?” तिने विचारले.

“वजन,” मी म्हणालो, आणि ती पुन्हा वहीत ठेवली.